किल्ली माझ्या खिशात

गेल्या उन्हाळ्यात पाण्याने भरलेल्या एका टँकरची किल्ली खिशात घालून मी घरी निघून गेलो. टँकर सुप्याला रस्त्याच्या कडेला, मी भिंगारला पंख्याखाली, आणि पारनेरच्या बाजूला डोंगरावरच्या एका वस्तीत बाया रिकामे हंडे घेऊन सकाळपासून बसलेल्या.

अशी चूक करायला तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव लागतो. नवशिक्याच्या हातून ती होणार नाही, कारण नवशिक्या गाडीखाली जाताना किल्ली काढून घेतच नाही. ते पुढे येईलच. आधी माझे काम काय, ते सांगतो.

निवृत्त होईपर्यंत मी सरकारी बसगाड्यांच्या कार्यशाळेत मेकॅनिक होतो. माझी निम्मी नोकरी मी आडवा होऊन केली, असे आमची मंडळी म्हणते, आणि ते खरेच आहे. बसखाली फळीवर पाठ टेकून. निवृत्तीनंतर घरी उभे राहून करण्यासारखे काही सापडेना. तेवढ्यात माल वाहतूकदारांच्या एका संघटनेने विचारले की पुणे रस्त्यावर सुप्याजवळ ट्रक तपासून द्याल का. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी आठ ते बारा. जागा रफिकभाईच्या टायरच्या दुकानासमोरची. पावती नाही, दंड नाही, गणवेश नाही. ज्याला वाटेल त्याने थांबावे, ज्याला वाटेल त्याने जावे. टायर, ब्रेक, दिवे आणि स्टीअरिंगचा ढिलेपणा एवढे पाहायचे, दोष असेल तर सांगायचा, पान्याने दहा-पंधरा मिनिटांत होण्यासारखा असेल तर तिथेच काढून द्यायचा.

पहिल्याच दिवशी मी हौसेने मोठा फलक लावला : ‘मोफत ऐच्छिक सुरक्षा तपासणी’. अक्षरे माझीच. त्या फलकाचे दोन परिणाम झाले. ‘तपासणी’ हा शब्द दिसताच निम्म्या चालकांनी गियर बदलून वेग वाढवला. ज्या ट्रकला गेले वर्षभर चढावर दम लागत होता, तोही माझ्यासमोरून भरधाव गेला. उरलेल्यांपैकी जे थांबले त्यांना ते आरोग्य शिबिर वाटले. श्रीरामपूरकडचा एक चालक शांतपणे खाली उतरला, खुर्चीवर बसला, शर्टाची बाही वर केली आणि म्हणाला, “बीपी बघा फक्त. शुगर नको. सकाळीच जिलेबी झालीय.”

मी म्हणालो, “तुमची नाही, गाडीची तपासणी आहे. ऐच्छिक आहे.”

“ऐच्छिक म्हंजे?”

“म्हणजे तुमच्या इच्छेवर.”

“मंग माझी इच्छा न्हाई,” असे म्हणून त्याने बाही खाली केली आणि गेला. शब्दाचा अर्थ त्याला बरोबर समजला होता, त्यामुळे मला तक्रारीला जागा नव्हती.

रफिकभाई हे सगळे आपल्या दुकानाच्या पायरीवरून पाहत होता. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण रस्त्याचा अनुभव माझ्या दुप्पट. त्याने फलक उतरवला, उलटा करून त्यावर बसला आणि येणाऱ्या ट्रककडे पाहून नुसता हात हलवून ओरडला, “हवा बघून जा, हवा.”

ट्रक थांबला. हवा बघायला कोणीही थांबतो. हवेत अपमान नाही. हवा बघताना माणूस टायरजवळ जातो, टायरजवळ गेला की वाकतो, वाकला की ब्रेक दिसतो. तेव्हापासून आम्ही आजतागायत ‘हवा’च बघतो.

दुसरी गोष्ट वहीची. सरकारी नोकरीची सवय म्हणून मी प्रत्येक गाडीचा नंबर वहीत लिहू लागलो. पेन उघडले की चालक उडी मारून केबिनमध्ये. शेवटी वही घरी ठेवली आणि खडू घेतला. जिथे दोष, तिथे खडूने गोल. टायरला चीर असेल तर चिरेभोवती गोल, नट सैल असेल तर नटाभोवती. तो गोल चालकाचा. पटला तर त्याने गॅरेजमध्ये दाखवावा, नाही पटला तर चिंधीने पुसावा. माझ्याकडे काही राहत नाही. चालक थांबतात ते या एका भरवशावर : हा म्हातारा लिहीत नाही आणि अडवत नाही.

अडवत नाही, हे म्हणायला सोपे आहे. एकदा कांद्याचा एक ट्रक थांबला होता. पुढच्या उजव्या टायरच्या बाजूला बोट जाईल एवढी चीर. मी गोल केला. चालक तरुण, हसतमुख. म्हणाला, “चाकणपर्यंत जाईल हो.” मी म्हणालो, “नाही जाणार.” तो म्हणाला, “बघू.” आणि मी बाजूला झालो. पुढच्या मंगळवारी रफिकभाईने मोबाईलवर फोटो दाखवला. ट्रक शेतात आडवा, कांदे सगळीकडे. चालक वाचला, पण त्याचा पाय महिनोन्महिने दवाखान्यात होता. रफिकभाई म्हणाला, “धरून ठेवला असता तर?” मी म्हणालो, “मग त्याच्या मागचा कुणी थांबला नसता.” उत्तर बरोबर होते. ते बरोबर असल्यामुळे मला त्या रात्री झोप लागली, असे मात्र नाही.

आता किल्ली. गाडीखाली जायचे तर आधी इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून दगड, आणि किल्ली काढून आपल्या खिशात. कार्यशाळेत पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. कारण तुम्ही खाली आहात हे वरच्याला माहीत नसते, किंवा माहीत असून तो विसरतो. माझ्या उमेदवारीत एकाने, गाडी जरा सावलीत घ्यावी म्हणून, मी खाली असताना इंजिन सुरू केले होते. त्या दिवशी मी जेवढ्या चपळाईने बाहेर आलो, तेवढ्या चपळाईने आयुष्यात पुन्हा कुठूनही बाहेर आलो नाही. तेव्हापासून किल्ली खिशात. लग्नात गेलो तरी कुणाच्या मोटारीजवळ उभा राहिलो की माझा हात किल्लीकडे जातो.

तर तो शुक्रवार. साडेअकरा वाजून गेले होते. अंबादास बडे नावाचा टँकरचालक थांबला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, पाथर्डीकडचा माणूस. विहिरीवरून पाणी भरून डोंगरावरच्या दोन वस्त्यांना पोचवायचे, अशा त्याच्या दिवसाला ठरलेल्या खेपा. किल्लीला लाल दोरा आणि एक पितळी घुंगरू. मी किल्ली काढली, खिशात टाकली, खाली गेलो. उजेड कमी म्हणून मोबाईलचा दिवा लावून तो वर आडव्या पट्टीवर ठेवला. अंबादास केबिनमधून ब्रेक दाबायचा, मी बघायचो.

“दाबा. सोडा. परत दाबा.”

मागचा डावा ब्रेक उशिरा धरत होता. टँकरला हा दोष जास्त वाईट, आणि तोही भरलेल्या टँकरपेक्षा अर्ध्या भरलेल्याला. भरलेले पाणी गप्प बसते. अर्धे पाणी हलते. तुम्ही ब्रेक दाबला की ते मागून येऊन गाडीला ढकलते, जणू आत दहा-बारा म्हशी आहेत आणि त्या सगळ्या एकदम पुढे सरकल्यात. अंबादास वरच्या वस्तीत अर्धे पाणी ओतायचा आणि उरलेले अर्धे घेऊन उतारावरून खालच्या वस्तीला जायचा.

मी त्याला हे सांगितले. “पंधरा मिनिटं द्या. आवळून देतो.”

“आज न्हाई, मिस्तरी. मंगळवारी येतो.”

“उतारावर घोटाळा होईल.”

“पंधरा मिंटं बायांना सांगा तुमी. सकाळपासनं बसल्यात.” एवढे बोलून तो रस्त्यापलीकडे दोन घास खायला गेला. पाच मिनिटांत येतो म्हणाला.

त्या पाच मिनिटांत तालुक्याच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर आला. त्याला माझा फोटो हवा होता, टँकरजवळ, हातात पाना घेऊन. मग म्हणाला, काका, दोन शब्द सांगा. त्याने दोन शब्द मागितले, मी त्याला व्याख्यान दिले. रस्त्यावरचे बहुतेक घोटाळे विसराळूपणामुळे होतात, हे मी तीन उदाहरणांसह पटवून दिले. मग त्याने नमस्कार केला, मी घड्याळ पाहिले, बारा वाजले होते, स्कूटरला किक मारली आणि घरी आलो. पलीकडे अंबादासचे दोन घास अजून चालूच होते, हे माझ्या ध्यानातही नव्हते. रफिकभाई जुम्म्याच्या नमाजाला गेला होता, नाहीतर त्याने हटकले असते.

घरी जेवलो. पँट खुंटीला लावली. आमची सुमन ती धुवायला घेताना घुंगरू वाजले.

“अहो, ही कुणाची?”

“रफिकची असेल,” मी झोपेतच म्हणालो.

“रफिकभाई किल्लीला घुंगरू बांधतो?”

मी उठून बसलो. फोन करावा म्हणून फोन शोधला. फोन नव्हता. सुमनच्या फोनवरून माझ्याच नंबरला लावला. पलीकडून रफिकभाई.

“मिस्त्री, तुमचा फोन टँकरखाली वाजत होता, म्हणून सापडला. टँकरची किल्ली तुमच्याकडं. आता तुम्हीच सांगा, कुणी कुणाला फोन करायचा?”

परतीचा रस्ता मी कसा पार केला ते लिहीत नाही, सुरक्षेचे काम करणाऱ्याला ते शोभणार नाही. तीन वाजून गेले होते. अंबादास टँकरच्या सावलीत दगडावर बसलेला. जुनी गाडी असती तर त्याने दोन वायरी जोडून केव्हाच सुरू केली असती. ही किल्लीशिवाय ऐकणारी नव्हती. त्याचा फोन सारखा वाजत होता आणि तो उचलत नव्हता. मी किल्ली पुढे केली. मला वाटले होते, शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

तो म्हणाला, “सरळ सांगायचं व्हतं.”

“काय?”

“गाडी सोडायची न्हाई म्हनून. तोंडानं जा म्हनायचं आन् किल्ली घिऊन जायचं, ह्ये बरं न्हाई.”

“अहो, मुद्दाम नाही. विसरलो.”

“तुमी?” त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. “एवढी वर्सं सरकारी गाड्या सांभाळल्या. तुमी किल्ली इसरता व्हय?”

माझ्याविषयी त्याचे मत फार चांगले होते, हीच अडचण होती. सुमनला विचारले असते तर तिने एका मिनिटात माझी सुटका केली असती.

मी म्हणालो, “उशीर झालाच आहे. आता पंधरा मिनिटं आणखी द्या. ब्रेक आवळतो, मग जा. आणि बायांना सांगायला मी येतो तुमच्याबरोबर.”

तो म्हणाला, “करा. पन किल्ली माझ्याकडं ऱ्हाईल.”

इथे वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. मागचा ब्रेक आवळायचा तर हँडब्रेक सोडावा लागतो. मग पाण्याने भरलेली ती अख्खी गाडी चाकाखालच्या चार दगडांवर उभी असते, आणि तुम्ही तिच्याखाली. अशा वेळी किल्ली वरच्याकडे, आणि वरचा तुमच्यावर चिडलेला. रफिकभाई मान हलवून नको म्हणत होता. पण नाही म्हणायला मला तोंड नव्हते. तीन तास त्याची किल्ली माझ्या खिशात होती, आता पंधरा मिनिटे त्याच्या हातात राहिली तर मी कुठल्या नियमाचे नाव घेणार?

मी दगड दोनदा तपासले आणि खाली गेलो. काम सोपे होते : पान्याने एक बोल्ट फिरवायचा, घट्ट होईपर्यंत, मग थोडा मागे. हे मी डोळे मिटून करू शकतो. त्या दिवशी डोळे उघडे ठेवून पाना दोनदा बोल्टवरून घसरला. दर थोड्या वेळाने वर घुंगरू वाजायचे. तो नुसती किल्ली बोटात फिरवत होता, हे मला नंतर रफिकभाईने सांगितले. खाली असताना मात्र प्रत्येक घुंगराला मी चाकाकडे पाहत होतो. आयुष्यात इतक्या काळजीपूर्वक मी कुठलाही ब्रेक आवळला नसेल.

बाहेर आलो, दगड उचलून रस्त्याच्या बाहेर टाकले आणि त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसलो.

वरच्या वस्तीत सिमेंटच्या टाकीभोवती पंचवीस-तीस बाया. अंबादास उतरला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, “ह्यांच्यामुळं उशीर झाला. काय बोलायचं ते ह्यांना बोला.”

मी घसा खाकरून सुरुवात केली, “माझ्या हातून एक चूक…”

एक म्हातारी पुढे झाली. “ती मागनं सांग, बाबा. आधी पाइप धर.”

मी पाइप धरला. टाकी अर्धी भरेपर्यंत धरून उभा राहिलो, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. चूक ऐकायला शेवटपर्यंत कोणीच आले नाही. त्यांना पाणी हवे होते, माझी कहाणी नव्हे. एक पोरगी तेवढी जाता जाता म्हणाली, “आजोबा, नळी वाकडी धरलीया.”

मग उतार. टँकर अर्धा. अंबादास म्हणाला, “आता तुमीच सांगा, कसा हाय ब्रेक.” मी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. पहिल्या वळणावर त्याने ब्रेक दाबला, मागून पाणी आले, गाडीला एक दणका बसला, आणि गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबली. दुसऱ्या वळणावर त्याने जरा उशिरा दाबला. मला वाटते, तो माझी परीक्षा घेत होता, ब्रेकची नव्हे.

प्रकरण इथे संपले असते. पण त्या आठवड्यात ते साप्ताहिक आले. माझा फोटो, हातात पाना, आणि खाली ठळक अक्षरांत : ‘दक्ष मिस्त्रींनी सदोष टँकर रोखला’. वार्ताहराला नंतर कुणीतरी सांगितले होते की टँकर तीन तास जागचा हलला नाही. पुढचे त्याने स्वतः जुळवले. आता खरे सांगतो. मी ते कात्रण कापून ठेवले. दोन दिवस शेजाऱ्यांचे अभिनंदन स्वीकारले. ‘कर्तव्य होते’ असेही एकाला म्हणालो. फसवणूक म्हणून नाही, पण मूर्ख म्हणून ओळखले जाण्यापेक्षा दक्ष म्हणून ओळखले जाणे किती आरामाचे असते, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

मंगळवारी एकही ट्रक थांबला नाही. शुक्रवारी नाही. पुढच्या मंगळवारी रफिकभाई हवा हवा ओरडून थकला आणि त्याने मला मोबाईल दाखवला. चालकांच्या गटात माझे ते कात्रण फिरत होते, खाली कुणीतरी लिहिलेले : ‘सुप्याला पांढऱ्या टोपीवाला म्हातारा किल्ली काढून घेतो. हवा बघायला थांबू नका.’

मी म्हणालो, “टोपी बदलू का?”

रफिकभाई हसला नाही. त्याच वेळी समोरून एक ट्रक गेला, मागच्या जोडचाकातले एक टायर पार बसलेले. चालकाने आमच्याकडे पाहिले आणि मान वळवली. “ह्यो थांबला असता,” रफिकभाई म्हणाला. “आता टायर कुठं फुटंल ते कुनाला म्हाईत.”

कांद्याचा ट्रक मला आठवला. त्याला मी जाऊ दिले होते, यासाठी की बाकीचे थांबावेत. आणि आता बाकीचेही जात होते, माझ्या दक्षतेमुळे. वार्ताहराला फोन केला की दुरुस्ती छापा, मी किल्ली विसरलो होतो. तो म्हणाला, “काका, विसरले याची बातमी होत नाही.”

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या विहिरीवर गेलो जिथे टँकर भरतात. सहा-सात टँकर रांगेत, चालक लिंबाखाली. अंबादास एका बाजूला तंबाखू मळत बसलेला. माझी टोपी दिसताच दोघे जण उठून आपापल्या गाड्यांजवळ गेले आणि किल्ल्या काढून आले.

मी उभा राहून सगळे सांगितले. फोटो, व्याख्यान, जेवण, खुंटीवरची पँट, सगळे. छापून आले ते खोटे आहे, मी कुणालाच रोखले नाही, रोखणारही नाही. मी मूर्ख आहे, हे मी जितक्या कळकळीने मांडले तितक्या कळकळीने मी नोकरीत बढतीही मागितली नव्हती.

कुणाला पटेना. एक जाडसर चालक म्हणाला, “काका, पेपरात फोटो आल्यावर कोन इसरलो म्हनतं व्हय? तुमाला वरनं सांगितलं आसंल, गाड्या धरा म्हनून.”

“वर माझं कुणी नाही.”

“मंग ह्येच्या गाडीचा ब्रेक खराब निघाला तवाच बरी किल्ली गेली?”

माझ्या मूर्खपणाने वेळच अशी साधली होती की ती हुशारी वाटावी. मी अंबादासकडे पाहिले. तो तंबाखू तोंडात टाकून उठला, हात झटकले. त्याचा टँकर भरत आला होता.

“मी ह्यांना केबिनमधी बसवून डोंगरावर न्हेलंय,” तो म्हणाला. “उतारावर धा वेळा इचारलं, ब्रेक बरा हाय ना, ब्रेक बरा हाय ना. सोताच आवळलेला ब्रेक. आन् परत येताना, स्कूटर कुठं लावली ती सुप्यात अर्धा तास हुडकत व्हते. रफिकच्या दुकानाम्होरंच व्हती.”

दोघे-तिघे हसले. जाडसर चालक मात्र अजून माझ्याकडे रोखून पाहत होता.

अंबादास आपल्या गाडीकडे जाता जाता त्याला म्हणाला, “जात जा बिनघोर हवा बघायला. मुद्दाम करायला डोस्कं लागतं. ह्यांच्याकडं न्हाई.”